असीरगड विजयाची मोहोर

असीरगड विजयाची मोहोर हे मोगल सम्राट अकबर याने खानदेशातील असीरगड हा किल्ला जिंकल्याच्या स्मरणार्थ पाडलेले सोन्याचे नाणे आहे. या नाण्याच्या एका बाजूस फुलापानांच्या नक्षीत उभा असलेला ससाणा असून दुसऱ्या बाजूस फारसी लिपीत ‘अल्लाहु अकबर’ ही अक्षरे, टांकसाळीचे नाव ‘असीर’ आणि इलाही सन ४५, महिना इस्फंदारमुज असा काळ कोरलेला आहे. इंग्रजी कालगणनेप्रमाणे हा काळ फेब्रुवारी–मार्च १६०१ असा येतो. सुमारे सव्वादोनशे वर्षे खानदेशावर राज्य करणाऱ्या फारूकी घराण्याचा शेवट या विजयाने झाला. असीरगड हा अकबराचा अखेरचा मोठा विजय मानला जातो. ही मोहोर अत्यंत दुर्मिळ असून तिचा एक नमुना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्टॅन्ली लेन-पूल यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या संग्रहालयातील मोगल नाण्यांच्या सूचीत तिचा समावेश आहे.

नाण्याचे स्वरूप

मोगल नाण्यांवर सामान्यतः दोन्ही बाजूंस अक्षरेच असत. कलिमा, बादशाहाचे नाव व पदव्या, टांकसाळ आणि वर्ष एवढा मजकूर सुंदर वळणाच्या लिपीत बसविणे हीच नाणे घडविणाऱ्याची कला समजली जाई. सजीव प्राण्याचे चित्र नाण्यावर घालणे इस्लामी परंपरेला रुचणारे नव्हते. म्हणूनच संपूर्ण दर्शनी बाजू एका पक्ष्याला देणारी ही मोहोर अपवादात्मक ठरते. ससाणा उजवीकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या भोवती वेलबुट्टी आहे. त्या बाजूस एकही अक्षर नाही.

मागील बाजूवर बादशाहाचे नाव स्वतंत्रपणे दिलेले नाही, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. ‘अल्लाहु अकबर’ या शब्दांचा सरळ अर्थ ‘ईश्वर थोर आहे’ असा होतो. परंतु त्यात ‘अकबर’ हे नावही आपसूक येते. अकबराच्या उत्तरकाळातील नाण्यांवर हे शब्द वारंवार आढळतात आणि त्यांतील दुहेरी अर्थाची चर्चा त्याच्या हयातीतच झाली होती.

इलाही सन ही अकबराने १५८४ च्या सुमारास सुरू केलेली सौर कालगणना होय. तिचा आरंभ त्याच्या राज्यारोहणाच्या वर्षातील नवरोजपासून, म्हणजे मार्च १५५६ पासून धरला गेला आणि महिन्यांना जुनी इराणी नावे देण्यात आली. इस्फंदारमुज हा त्यांतील बारावा महिना. किल्ला जानेवारी १६०१ मध्ये हाती आला आणि मोहोर त्याच इलाही वर्षाच्या अखेरच्या महिन्यात पाडली गेली. म्हणजे विजय आणि त्याचे स्मारक यांत जेमतेम काही आठवड्यांचे अंतर आहे. नाण्यावर केवळ वर्ष असते तर हा उलगडा झाला नसता.

ससाणाच का निवडला, याचे उत्तर नाण्यावर नाही. शिकारी ससाणे पाळणे हा मोगल दरबाराचा आवडता छंद होता आणि ‘ऐन-इ-अकबरी’त त्यांच्या निगेचे तपशील आले आहेत. उंचावरून झडप घालणारा पक्षी उंच डोंगरावरील किल्ला घेतल्याचे सुचवितो, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. तो पटण्याजोगा असला तरी अनुमानच आहे. अकबराची चित्रे असलेली आणखी दोन नाणी प्रसिद्ध आहेत : आग्रा टांकसाळीची बदकाची मोहोर आणि धनुर्धारी पुरुष व त्याच्यामागे चालणारी स्त्री असलेले ‘राम-सीय’ नाणे. ही दोन्ही इलाही सन ५० मधील, म्हणजे असीरगडच्या मोहोरेनंतरची आहेत. पुढे जहांगीराने स्वतःची प्रतिमा आणि राशिचिन्हे असलेली नाणी पाडली. त्या वाटेवरचे पहिले ठळक पाऊल असीरच्या ससाण्याचे आहे.

विजयाचे स्मारक म्हणून नाणे पाडण्याची प्रथा जगात जुनी आहे. रोमन सम्राट व्हेस्पेसियन याने ज्यूंचे बंड मोडल्यावर, ज्युडिया जिंकल्याची नाणी पाडली होती. आजची स्मारक नाणी बहुधा व्यक्तींच्या जयंती वा संस्थांच्या वर्धापनानिमित्त निघतात. स्वतंत्र भारतात त्यांची सुरुवात १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्याने झाली. असीरची मोहोर मात्र जिंकणाऱ्याची आहे. हरलेल्यांचे नाव तिच्यावर नाही. ते शोधण्यासाठी थाळनेरपासून सुरुवात करावी लागते.

फारूकी घराणे

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर हे गाव आहे. येथील जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि फारूकी सुलतानांची थडगी ही या घराण्याची आरंभीची खूण होय. संस्थापक मलिक राजा यास दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये थाळनेरची जहागीर दिली. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या सुलतानाला मलिक राजाने आपल्याजवळचे अन्न दिले आणि त्यातून त्याचे भाग्य उजळले, अशी कथा इतिहासकार फिरिश्ता सांगतो. १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्रपणे वागू लागला. खलिफा उमर अल्-फारूक याच्या वंशातील असल्याचा त्याचा दावा होता. त्यावरून घराण्यास फारूकी हे नाव पडले. १३९९ मध्ये तो मरण पावला. त्याने आपला मुलूख दोघा मुलांत वाटून दिला होता. थोरला नसीर खान यास धुळ्याजवळचा लळिंग किल्ला मिळाला आणि धाकट्याकडे थाळनेर गेले.

असीरगड मिळविला तो याच नसीर खानाने. फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या वेळी किल्ला आसा अहीर या श्रीमंत गवळी सरदाराकडे होता. त्याच्या पदरी हजारो गाई-म्हशी होत्या आणि दुष्काळात त्याने लोकांना धान्य पुरविले होते. शेजारच्या राजांपासून धोका असल्याने माझा जनाना तुझ्या किल्ल्यात ठेवून घे, अशी विनंती नसीर खानाने केली. आसाने ती मान्य केली. दुसऱ्या दिवशी डोल्यांतून स्त्रियांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले आणि स्वागतासाठी आलेला आसा व त्याचे पुत्र मारले गेले. डोल्यांतून शिपाई नेण्याची गोष्ट अनेक किल्ल्यांबद्दल सांगितली जाते, त्यामुळे तिचा तपशील जपूनच घ्यावा लागतो. तरीही असीरगड लढून नव्हे तर विश्वासघाताने घेतला गेला ही आठवण दोनशे वर्षे टिकून होती, एवढे त्यावरून दिसते. १६०१ मध्ये तोच आरोप दुसऱ्या विजेत्यावर झाला.

नसीर खानाने तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर वसविले. सूफी संत शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून हे नाव आले. समोरच्या तीरावर शेख झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद वसले. राजधानी थाळनेरहून पूर्वेकडे सरकली आणि संकटकाळचा आसरा म्हणून असीरगड राखला गेला. उत्तरेस माळवा, पश्चिमेस गुजरात, दक्षिणेस बहमनी आणि नंतर निजामशाही अशा बलिष्ठ शेजाऱ्यांत हे लहानसे राज्य तगले, ते बरेचसे नमते घेण्याच्या धोरणावर आणि थोडेसे या किल्ल्यावर. ‘खानदेश’ हे नाव गुजरातच्या सुलतानाने नसीरला दिलेल्या ‘खान’ या किताबावरून आले, असे एक मत आहे. ते ‘कान्हदेश’ या शब्दापासून आले असेही अनेक विद्वान मानतात.

या घराण्यातील राजा अली खान (कारकीर्द १५७६–१५९७) हा सर्वांत समंजस राजा म्हटला पाहिजे. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याने बांधली. तिच्यात अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात फारूकी राजांची वंशावळ असून विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असा काळ दिला आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत लेख कोरणारा हा राजा मोगलांचा वाढता जोर ओळखून होता. अकबराने १५९१ मध्ये कवी फैजी यास वकील म्हणून पाठविले तेव्हा त्याने त्याचा सन्मान केला आणि अकबराचे वर्चस्व मान्य केले. १५९७ च्या आरंभी गोदावरीकाठी सोनपेठजवळ आष्टी येथे दक्षिणी शाह्यांशी झालेल्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढताना पडला. गोंधळात तो शत्रूस मिळाला असा समज होऊन मोगलांनीच त्याची छावणी लुटली. नंतर त्याचे प्रेत रणांगणावर सापडले. मोगल मैत्रीची एवढी किंमत मोजलेल्या बापाच्या मुलास मोगलांविषयी काय वाटले असेल, हे पुढील घटना वाचताना ध्यानात ठेवावे.

असीरगडचा वेढा

असीरगड बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाणारा लोहमार्गही याच परिसरातून जातो. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट या डोंगराच्या नजरेखाली येते. म्हणून त्यास दक्षिणेचा दरवाजा म्हणत. पायथ्यापासून सुमारे २५० मीटर उंची, ताशीव कडे, आणि एकाखाली एक असे असीरगड, कमरगड व मलयगड हे तीन कोट अशी त्याची रचना आहे. माथ्यावर पाण्याची टाकी व तलाव आहेत. धान्य आणि दारूगोळा यांचा तेथे प्रचंड साठा होता.

राजा अलीचा पुत्र बहादूर खान १५९७ मध्ये गादीवर आला. त्यापूर्वीची अनेक वर्षे त्याने किल्ल्यातच काढली होती, कारण गादीच्या वारसांना असीरगडावर नजरकैदेत ठेवण्याची फारूकींची रीत होती. अहमदनगरच्या मोहिमेवर निघालेला शाहजादा दानियाल १६०० मध्ये बऱ्हाणपूरहून गेला, तेव्हा बहादूर त्याच्या भेटीस किल्ल्यातून उतरला नाही. अकबराने हा अपमान मानला. एप्रिल १६०० मध्ये तो स्वतः बऱ्हाणपुरात येऊन राहिला आणि वेढ्याचे काम अबुल फझल व इतर सरदारांकडे सोपविले. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले. असीरगड मात्र हलला नाही. दरम्यान उत्तरेत शाहजादा सलीमने बंडाळी मांडली होती आणि बादशाहाला दक्षिणेत फार काळ अडकून राहणे परवडणारे नव्हते. पुढील घटनांची घाई यातूनच समजते.

वर्षअखेरीस मलयगडाचा कोट मोगलांनी रात्रीच्या छाप्यात घेतला. त्यानंतर डिसेंबर १६०० मध्ये बहादूर किल्ल्यातून खाली आला आणि त्यास ताब्यात घेण्यात आले. तरीही गडावरील शिबंदी लढत राहिली. जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. तो पुन्हा खानदेशात आला नाही. १६२४ मध्ये आग्रा येथे तो वारला.

किल्ला कसा पडला : वाद

इतका अभेद्य गड अखेर पडला कसा, याविषयी समकालीन साधनांत उघड विरोध आहे. ‘अकबरनाम्या’त अबुल फझलने साथीच्या रोगावर भर दिला आहे. कोंडलेल्या गर्दीत रोग पसरून २५,००० माणसे मेली, असा आकडा तो देतो. अंगात अशक्तपणा येऊन माणसे लुळी पडत व डोळ्यांची दृष्टी जाई, अशी या रोगाची वर्णने आली आहेत. फिरिश्ताही रोगराईचा उल्लेख करतो.

दुसरी हकीकत पोर्तुगीज आहे. गोव्याहून मोगल दरबारी गेलेले जेझुइट पाद्री जेरोम झेवियर आणि बेनेडिक्ट गोइश हे या मोहिमेत अकबराबरोबर होते. त्यांच्या पत्रांवर आधारलेला वृत्तांत फर्नांव गेर्रेइरू याने १६०३ मध्ये पोर्तुगालमध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार बहादूरला सुरक्षित परत जाऊ देण्याचे वचन अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ घेऊन दिले आणि तो भेटीस येताच त्यास अडकवून ठेवले. गडाचा हबशी किल्लेदार शरण येईना. त्याचा मुलगा बोलणी करण्यासाठी आला असता त्याने ताठ उत्तर दिले आणि त्यास ठार मारण्यात आले. गडावरील राजपुत्रांपैकी कोणी गादीवर बसावयास तयार होईना, हे पाहून वृद्ध किल्लेदाराने स्वतःचा प्राण दिला. पोर्तुगीजांच्या चौलच्या ठाण्यातून तोफा मागवून द्या, ही अकबराची मागणी झेवियरने नाकारली आणि बादशाह संतापला. शेवटी सोन्याचांदीचे वाटप करून गडावरचे अधिकारी फोडण्यात आले, असे हा वृत्तांत सांगतो.

ब्रिटिश इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ च्या आपल्या अकबरचरित्रात जेझुइट हकीकत खरी मानली आणि दरबारी इतिहासकारांनी बादशाहाची लाज झाकण्यासाठी रोगराईची कथा रचली, असा स्पष्ट आरोप केला. नंतरच्या काही अभ्यासकांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले आहेत. गडाच्या बचावात काही पोर्तुगीज गोलंदाज होते, त्यामुळे पाद्र्यांची बाजू तटस्थ नव्हती; शिवाय गेर्रेइरूचा ग्रंथ हा मूळ पत्रांचा संक्षेप आहे. मात्र अबुल फझल तर वेढ्याचा एक सेनानीच होता. तेव्हा त्याच्याकडून तटस्थतेची अपेक्षा त्याहून कमीच करता येते. दोन्ही कथने एकमेकांना पूर्णपणे खोडत नाहीत. कोंडलेल्या गडावर रोगराई आणि लाच या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. राजा बाहेर येऊन अडकल्यावरही गड महिनाभर लढला, एवढे तरी दोन्ही बाजूंच्या हकीकतींतून निघते.

विजयानंतरचा खानदेश

अकबराने खानदेशाचा स्वतंत्र सुभा केला, दानियालला तेथे नेमले आणि सुभ्याचे नावच बदलून ‘दानदेश’ ठेवले. फतेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरील लेखात दख्खन आणि पूर्वी खानदेश म्हटला जाणारा दानदेश जिंकून बादशाह इलाही सन ४६ मध्ये परतल्याची नोंद आहे. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतही अकबराचा लेख आहे. राजा अलीच्या संस्कृत वंशावळीच्या सान्निध्यात तो वाचावा लागतो. दानियाल १६०५ मध्ये मद्यपानाच्या अतिरेकाने बऱ्हाणपुरात मरण पावला. त्याचे नाव लोकांच्या तोंडी रुळले नाही. आठ-दहा पिढ्या बोललेले ‘खानदेश’ हेच नाव टिकले.

‘ऐन-इ-अकबरी’त या सुभ्याचे जे वर्णन आहे ते नव्याने घेतलेल्या मुलखाच्या मोजणीसारखे आहे आणि त्यामुळेच आज मोलाचे आहे. सुभ्यात ३२ परगणे होते. एरंडोल, अमळनेर, पाचोरा, बोदवड, जामनेर, यावल, रावेर, सावदा, चोपडा, नशिराबाद, थाळनेर, लळिंग ही नावे त्या यादीत आहेत. आजच्या जळगाव-धुळे जिल्ह्यांतील वाचकास ती शाळेच्या नकाशाइतकी ओळखीची वाटतील. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे तीर्थ, आदिलाबाद म्हणजे नंतरचे एदलाबाद (आजचे मुक्ताईनगर), धरणगावचे तलम कापड यांचेही उल्लेख येतात. ज्वारी हे मुख्य पीक असून काही ठिकाणी ती वर्षातून तीनदा होते आणि तिचा कोवळा दांडा फळासारखा गोड लागतो, असेही अबुल फझल लिहितो.

याच प्रकरणात या विजयाची दुसरी, कमी चर्चिलेली नोंद आहे. फारूकी काळात मुलखाचा वसूल १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके होता. असीर घेतल्यानंतर त्यात निम्म्याने वाढ करण्यात आली. एका टंक्याचे २४ दाम या हिशेबाने नवा आकडा ४५,५२,९४,२३२ दाम झाला. ४० दामांचा रुपया धरल्यास ही रक्कम सुमारे १ कोटी १४ लाख रुपये होते. कागदावरची आकारणी आणि प्रत्यक्ष वसुली यांत फरक असतो हे मान्य केले, तरी वर्षभराच्या वेढ्याने आणि सैन्याच्या वावराने थकलेल्या मुलखावर एकदम दीडपट आकारणी झाली, हे साधे गणित उरतेच. मोहोरेवरील ससाणा ज्यांनी कधी पाहिला नाही, त्या तापीकाठच्या कुणब्यांपर्यंत हा विजय या रूपाने पोचला.

नाणी पाडण्याचे काम पुढे असीरहून बऱ्हाणपूरला गेले. मोगल काळात बऱ्हाणपूरची टांकसाळ दक्षिणेतील एक महत्त्वाची टांकसाळ बनली आणि तिचे चांदीचे रुपये आजही संग्राहकांकडे सहज आढळतात. असीरगडाने मात्र आणखी धनी पाहिले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये तो निजामाकडून पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला. इंग्रजांनी तो १८०३ मध्ये घेऊन परत केला आणि १८१९ मध्ये कायमचा घेतला. ब्रिटिश अमदानीत खानदेश जिल्हा मुंबई इलाख्यात राहिला. बऱ्हाणपूर आणि असीरगड मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांतून आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे आले. असीरगड सध्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात असून रावेर तालुक्याची हद्द तेथून फार दूर नाही.